नाव फळाचे, भरणा कशाचा?
(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



खाऊची पारख मूल प्रथम डोळ्यांनी व नाकाने करते. त्यातील पोषणाचा विचार वडीलधाऱ्यांनी करावयाचा असतो. बेकरीतील फळांचे मफिन पाहावे. कागदी वाटीत फुगलेला तो लहानसा केक मुलांस सहज मोह घालतो. परंतु पुष्कळदा त्यात मैदा, साखर व तेल हेच मुख्य असून फळाचे मोजकेच तुकडे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीप्रमाणे पदार्थांत वरून घातलेली साखर, मध व फळांचे रस यांतून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावेत. गूळही याच हिशेबात येतो.

यास्तव असा खाऊ मुलांस वर्ज्य करण्यापेक्षा त्यातील फळाचा अंश वाढविणे अधिक श्रेयस्कर होय. कोकणातील सांदण हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बरक्या फणसाचे गरे चाळणीवर घासून रस काढावा. तांदळाच्या कण्या किंचित तुपावर परतून त्या रसात भिजवाव्यात. चवीपुरते मीठ, ओले खोबरे व अगदी थोडा गूळ घालावा. मिश्रण वाट्यांत भरून वाफवावे. पिवळेधमक, सुवासिक सांदण तयार होते. येथे पाण्याची जागाच फळाच्या रसाने घेतलेली असते. फणस गोड असल्यास गुळाचीही गरज उरत नाही.

तथापि सांदण म्हणजे पूर्ण आहार नव्हे. तांदूळ व फणस या दोहोंत प्रथिने थोडीच. म्हणून सोबत दूध किंवा उसळ द्यावी. उष्णतेने क जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो व चाळणीवर चोथा मागे राहतो. म्हणून दोन-चार गरे कच्चेच खाऊ घालावेत. आठळ्याही फेकू नयेत; उकडून वा भाजून त्या रुचकर लागतात.

जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा कित्येक अंगणांत बरके फणस गळून कुजत असतात, आणि त्याच घरातील मूल पैसे देऊन गोड खाऊची पुडी घेत असते. यात फळही वाया जाते आणि पैसाही. शिक्षकांनी मुलांस एकच प्रश्न विचारावयास शिकवावे : ‘यात फळ किती?’ हा प्रश्न घरी पोहोचला, तर अंगणातील फणस मुलांच्या ताटात येण्यास वेळ लागणार नाही.