अणुभट्टीची सुरक्षा : दोन पंपांचा धडा



संशोधन अणुभट्टी वीज निर्माण करीत नाही. ती न्यूट्रॉन पुरविते. त्यांच्या साहाय्याने पदार्थांची परीक्षा होते आणि रोगनिदानासाठी लागणारी किरणोत्सारी समस्थानिके तयार होतात. अशा भट्टीच्या सुरक्षेचा आढावा कोणी घ्यावा आणि त्याचा शब्द कितपत अंतिम मानावा, हा प्रश्न कॅनडातील चॉक रिव्हर येथे अत्यंत तीव्रतेने उभा राहिला.

या स्थानाशी भारताचेही नाते आहे. १२ डिसेंबर १९५२ रोजी तेथील ‘एनआरएक्स’ भट्टीत शृंखला-प्रक्रिया थांबविणारे दांडे नीट खाली उतरले नाहीत. मानवी चुकांचीही भर पडली, गाभ्याची हानी झाली आणि तळघरात लाखो लिटर दूषित पाणी साचले. याच भट्टीच्या आराखड्यावर आधारलेली ‘सायरस’ १९६० साली ट्रॉम्बे येथे सुरू झाली. ती २०१० अखेर कायमची बंद करण्यात आली.

चॉक रिव्हरची दुसरी भट्टी ‘एनआरयू’ १९५७ पासून कार्यरत होती. नोव्हेंबर २००७ मध्ये नेहमीच्या देखभालीसाठी ती बंद असताना एक गंभीर उणीव उघड झाली. शीतकरणाचे दोन मुख्य पंप भूकंपातही टिकणाऱ्या आपत्कालीन वीजपुरवठ्याला जोडलेलेच नव्हते. परवान्याच्या दृष्टीने ही जोडणी आवश्यक होती. नियामक आयोग अटीवर ठाम राहिला आणि भट्टी बंदच राहिली.

परंतु जगाला लागणाऱ्या मॉलिब्डेनम-९९ चा फार मोठा वाटा या एकाच भट्टीतून येत असे. त्याचे अर्धायुष्य अवघे ६६ तासांचे, म्हणजे साठवण अशक्य. रुग्णालयांत तपासण्या लांबणीवर पडू लागल्या. अखेर डिसेंबरमध्ये संसदेने तातडीचा कायदा करून आयोगाची अट १२० दिवसांसाठी बाजूला ठेवली. पुढल्याच महिन्यात आयोगाच्या अध्यक्षा लिंडा कीन यांना त्या पदावरून दूर करण्यात आले.

रुग्णांची निकड खोटी नव्हती आणि नियामकाची चिंताही अनाठायी नव्हती. दोष होता तो एका वृद्ध यंत्रावर सारी भिस्त ठेवण्याचा. तिची जागा घेण्यासाठी उभारलेल्या दोन ‘मेपल’ भट्ट्यांचे प्रत्यक्ष वर्तन गणिताशी जुळेना, म्हणून मे २००८ मध्ये तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. मे २००९ मध्ये ‘एनआरयू’चे पात्रच गंजून गळू लागले आणि ती ऑगस्ट २०१० पर्यंत बंद राहिली. मार्च २०१८ मध्ये तिचा कायमचा निरोप झाला.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. मात्र २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्रावरील त्याची देखरेख काढून ती केंद्राच्याच अंतर्गत परिषदेकडे सोपविण्यात आली. शास्त्रज्ञांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि घरातील हिशेब कितीही चोख असला, तरी तो बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासावा, हीच व्यवहाराची रीत आहे. राष्ट्राच्या सामर्थ्याचा ज्यांना अभिमान आहे, त्यांनीच हा आग्रह सर्वप्रथम धरला पाहिजे.