सुट्टीचा दिवस आणि रोडगे



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो पगार, बोनस आणि संप यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. आज आम्ही बोलणार आहोत ते मुलाबाळांना घेऊन केलेल्या प्रवासावर आणि घरी भाजलेल्या रोडग्यांवर. कुणी म्हणेल, हा खाण्यापिण्याचा आणि हिंडण्याफिरण्याचा विषय, याला व्याख्यान कशाला? आमचे उत्तर साधे आहे. ज्याच्यासाठी माणूस आठवडाभर राबतो, त्याला क्षुल्लक म्हटले तर त्याच्या राबण्यालाही काही किंमत उरत नाही.

आमची शाळा नववीतच सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेथे पहिला धडा मिळाला तो आठ तासांचा. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोचे कामगार रस्त्यावर आले, त्यांच्या मागणीत दिवसाचे तीन वाटे होते: आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले स्वतःचे. पहिल्या आठ तासांवर करार झाले, कायदे झाले. दुसरे आठ तास निसर्गच वसूल करतो. तिसऱ्या आठ तासांविषयी मात्र आपण कधी बोलत नाही. ते आले कुठून आणि जातात कुठे, याचा हिशेब आज मांडू.

रविवारची सुट्टी आपल्याला सूर्यचंद्रासारखी आपोआप उगवणारी वाटते. तसे नाही. मुंबईच्या गिरणीत माणूस दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत असे आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी त्याला नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून या मागणीचा पाठपुरावा केला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या, हे लक्षात ठेवा. पुढे आम्हांला त्याचे काम पडणार आहे. १० जून १८९० रोजी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षी ती कायद्यात आली. म्हणजे रविवारी सकाळी आपण जो चहा निवांत पितो, त्यात सहा वर्षांच्या चळवळीची साखर आहे.

आपले नागपूर तर भोंग्यावर चालणारे गाव. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिच्या भोंग्यावर लोक उठत, घड्याळे लावत, पोरे शाळेत धाडत. आज तो भोंगा नाही. सव्वाशे वर्षे चालून ही गिरणी २००२ साली कायमची बंद पडली. पण त्या भोंग्याने गावाला एक शिकवण दिली होती: काम सुरू होण्याची जशी वेळ असते, तशी काम संपण्याचीही वेळ असते.

वर्षाच्या भरपगारी रजेची गोष्ट त्यानंतरची. १९३६ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तिचा करार केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मोठे संप झाले आणि कामगाराला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. तिथल्या सरकारने आणखी शहाणपणाचे काम केले. नुसती रजा देऊन कामगार जाईल कुठे, म्हणून रेल्वेच्या तिकिटात चाळीस टक्के सूट दिली. त्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. अट अशी होती की, वर्षात २४० दिवस काम भरले पाहिजे. वर्षाला बारा दिवस! त्या बारा दिवसांत बहिणीची सोयरीक, बापाचे दुखणे, धान पेरणी, सगळे बसवायचे. तरीही आमचा आग्रह असतो की, त्यांतले दोन दिवस संसाराने एकत्र हिंडण्यासाठी राखून ठेवा.

हिंडायला फार लांब जावे लागत नाही. काश्मीर पाहायला पैसा लागतो, रामटेक पाहायला सकाळी लवकर उठावे लागते. अवघे पन्नासेक किलोमीटर. गडावर रामाचे देऊळ, खाली अंबाळ्याचे तळे, आणि महामहोपाध्याय मिराशींनी कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे सांगितलेला डोंगर. विरही यक्षाने येथून मेघाला निरोप सांगितला. आम्ही म्हणतो, त्या बिचाऱ्याची रजा मालकाने कापली होती, म्हणून त्याला ढगाकरवी बोलावे लागले. आपण तरी घरच्यांना सोबत नेऊ!

फाल्गुनात त्या वाटेवर पळस फुलतो. बसच्या खिडकीशी बसलेले पोर विचारते, 'बाबा, झाडाला आग लागली का?' असा प्रश्न बापाच्या कानी पडायला बापाला त्या वेळी शेजारी असावे लागते. नागपूर-छिंदवाडा आणि नागपूर-नागभीड मार्गावर अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी गाडी आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली आहे. रूळ रुंद करण्यासाठी पहिली २०१५ च्या अखेरीस थांबली, दुसरी २०१९ च्या नोव्हेंबरात. रूळ रुंद झाले पाहिजेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्या संथ गाडीत डबाभर माणसे शिदोरी सोडून एकमेकांच्या पोरांना घास देत. पोचण्याची घाई नसली म्हणजे प्रवासच मुक्काम होतो.

आता रोडग्यांकडे वळू. भट्टी, तंदूर, ओव्हन हे शब्द घरात येण्याच्या कितीतरी आधी वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला भाजण्याची कला येत होती. गव्हाची जाडसर कणीक, मीठ, ओवा, तेलाचे मोहन. घट्ट मळायची. लहान लहान पोळ्या लाटून, तेल लावून एकावर एक ठेवायच्या आणि वरून कणकेचे आवरण घालून गोळा बंद करायचा. गोवऱ्या पेटवून त्यांचा धूर सरला, लाल निखारा झाला की, त्यावर गोळे मांडायचे, फिरवायचे, शेवटी गरम राखेत दडपून ठेवायचे. घाई केली की वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. बाहेर काढून राख झटकायची, फोडायचा, आणि तुपात, वरणात नि वांग्याच्या भाजीत बुडवायचा. पळसाच्या पानांत थापून भाजले तर त्यांना पानगे म्हणतात. एवढ्या पदार्थाला लागते काय? कणीक, गोवऱ्या आणि दोन तास. कणीक गरिबाच्या घरीही असते. दोन तास मात्र नसतात. म्हणून सांगतो, रोडगा हा वेळेचा पदार्थ आहे.

येथे भगिनींनी आम्हांला अडवावे. पुरुषाला रविवारी सुट्टी आणि त्याच दिवशी बाईला दुप्पट स्वयंपाक, मग ही सुट्टी कुणाची? महालक्ष्मीच्या सभेत ज्या दोघी बोलल्या त्या काही आपल्या नवऱ्याच्या विश्रांतीसाठी उभ्या राहिल्या नव्हत्या. आमच्याकडे वनभोजनाला रोडगे भाजतात ते बहुधा पुरुष. ही चाल शेतावरच का थांबावी? ती घरच्या चुलीपर्यंत यावी. आता मुली कुकरमध्ये वाळू घालून केक भाजतात. दिवाळीला रवा, मैदा, तूप, साखर नेऊन भट्टीवरून बिस्किटे भाजून आणण्याची रीतही आहे. बापाने पीठ चाळावे, पोराने डबा न्यावा, आईने खुर्चीत बसून 'जरा लाल होऊ द्या' एवढेच सांगावे. त्या दिवशी घरात खरी सुट्टी झाली असे आम्ही समजू.

पण मित्रहो, ज्याला सुट्टीच नाही त्याने काय करावे? आमच्या कचेरीत एक कंत्राटी कामगार आला होता. त्याचे दिवस २४० च्या जवळ आले की कंत्राटदार त्याला थांबवी आणि महिन्याने नव्या नावाच्या कंत्राटावर परत घेई. सात वर्षे राबला, पण भरपगारी रजेचा एक दिवस त्याच्या वाट्याला आला नाही. त्याची मुलगी दहा वर्षांची झाली, तिने रामटेक पाहिले नव्हते. २०२० च्या नव्या संहितेने २४० ची अट १८० वर आणली, ही चांगली गोष्ट. पण दिवस मोजणारा माणूस तोच राहिला तर १८० च्या आधीही थांबवता येतेच. आणि आपल्या दारी जेवणाचा डबा आणून देणारा दुचाकीवरचा मुलगा? त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेत त्याचा उल्लेख प्रथमच झाला. भरपगारी रजेचा हक्क मात्र तिने त्याला दिलेला नाही. आपल्या रविवारच्या मेजवानीसाठी तो रविवारी पळतो.

म्हणून आमचे मागणे दुहेरी आहे. ज्यांना रजा आहे त्यांनी ती विकून पैसे करू नयेत. पैसा पुढच्या महिन्यातही मिळेल, पोराचे आठवे वर्ष पुन्हा येणार नाही. आणि ज्यांना रजा नाही त्यांच्यासाठी, आपले पोट भरलेले असताना, आपण बोलावे. संसाराची वाट लांब आहे. तिच्या कडेला बसून चार घास खाण्याची मुभा प्रत्येकाला असली पाहिजे.

 एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. भरपगारी नसली तरी.