लेथचा टेलस्टॉक घसरतो तेव्हा

लाटणे, भोवरा, पाळण्याचे खांब, पलंगाचे गोल पाय, तान्ह्या मुलाचा खुळखुळा, या साऱ्या वस्तू कातकाम करणाऱ्याच्या हातून उतरतात. आता विजेवर चालणारे लहान लेथ मिळतात, आणि पुष्कळ हौशी मंडळी व छोटे कारागीर घरच्या पडवीतही हे काम करतात. त्यांच्याकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते : “लाकूड दोन टोकांत घट्ट धरले, हत्यार लावले, की थोड्याच वेळात ते सैल होऊन थडथडू लागते.” ही तक्रार क्षुल्लक समजू नका. मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेणारे लाकूड टोकांतून निसटले, तर ते समोरच्याच्या तोंडावर येते.

लेथच्या डाव्या बाजूला मोटारीने फिरणारे टोक असते. उजवीकडे लाकडाला आधार देणारा सरकता ठोकळा असतो. त्यालाच टेलस्टॉक म्हणतात. तो रुळांसारख्या दोन पट्ट्यांवर बसतो. त्याच्या पोटातून एक बोल्ट खाली जातो आणि रुळांच्या खालून एक पट्टी धरतो. दांडा फिरवला की पट्टी वर ओढली जाते, आणि रूळ ठोकळा व पट्टी यांच्या चिमटीत सापडतात. ठोकळा जागेवर राहतो तो या चिमटीतल्या घर्षणामुळे. दुसरे काही त्याला अडवत नाही.

ठोकळा घसरू लागला, की आपण काय करतो? दांड्यावर जोर देतो. कोणी तर दांड्यात पाइप घालून आवळतो! ते करू नये. लहान लेथचे भाग बहुधा बिडाचे असतात, आणि बीड वाकत नाही, तडकते. शिवाय बोल्टचे आटे जातात ते वेगळेच. चिमटी कुठे सुटते ते आधी शोधावे.

त्यासाठी एक पेन्सिल पुरे. लाकूड नेहमीप्रमाणे टोकांत धरा, ठोकळा आवळा, आणि त्याच्या कडेला लागून रुळावर रेघ ओढा. थोडे काम करून लेथ थांबवा. ठोकळा रेघेपासून हलला असेल, तर दोष खालच्या पकडीत आहे. ठोकळा जागेवर असून पुढचा दांडू मागे गेला असेल, तर तो दांडू धरणारा लहान स्क्रू सैल आहे, तो आवळा. पुष्कळदा लोक एका जागेचे दुखणे दुसरीकडे शोधतात!

दोष खाली असेल, तर विजेची पिन काढा, ठोकळा रुळांवरून उतरवा आणि सगळे पुसून घ्या. लाखकाम करणाऱ्यांच्या लेथवर लाखेचे थेंब पडतात, कोणी मेण लावतो, कोणी गंज चढू नये म्हणून तेल. यातले काहीही चिमटीत गेले की घर्षण कमी झालेच. रॉकेलने पुसून थांबू नका, कारण त्याचाही तेलकट थर राहतो. शेवटी थिनरचे फडके फिरवा, मात्र जवळ विस्तव नको. रुळांची खालची बाजू विसरू नका. तिथे पुष्कळदा कारखान्यातला रंग किंवा ओतकामाचे खडे राहिलेले असतात. तेवढे कानशीने काढा. रुळांच्या वरच्या बाजूला मात्र कानस लावू नका.

मग पट्टी पाहा. तिच्यावर खडू घासा, ठोकळा बसवून आवळा, पुन्हा सोडा. खडू दोन्ही बाजूंना सारखा पुसला गेला तर ठीक. एकाच कोपऱ्यात पुसला गेला असेल, तर पट्टी वाकडी आहे. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती घासून सरळ करा. पट्टी पातळ असून आवळताना धनुष्यासारखी वाकत असेल, तर तिच्या जागी जाड लोखंडी पट्टी घाला.

आता दांडा. तो फेऱ्याच्या अगदी शेवटी जाऊन टेकत असेल, तर आपल्या हाताला घट्ट लागते, पण पट्टी ओढली गेलेली नसते. पट्टीखालचा नट पाव फेरा आवळून पाहा. दांडा फेऱ्याच्या मध्याच्या सुमारास घट्ट व्हायला हवा. नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडत असेल, तर एक जाड वायसर घातला की काम भागते. आटे गेले असतील, तर बोल्ट-नट दोन्ही नवे घ्या.

सगळे बसवल्यावर दोन्ही टोके एकमेकांजवळ आणून ती समोरासमोर येतात ना, हे पाहा. पुन्हा पेन्सिलीची रेघ ओढा आणि एखाद्या टाकाऊ लाकडावर, कमी वेगात, बाजूला उभे राहून चाचणी घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. लाकूडही टोकांत गरजेपुरतेच दाबा. फार दाबले तर बारीक लाकूड मध्ये वाकते आणि ठोकळ्यावर नाहक जोर येतो.

महिन्यातून एकदा रूळ आणि पट्टी कोरड्या फडक्याने पुसत जा. त्याला पाच मिनिटे लागतात. दांड्यात पाइप घालायची पाळी मग येत नाही.