दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी

आजचा विषय चारचौघांत बोलायला थोडा अवघड आहे. मी डॉक्टर नाही. अमडापूरला राहतो, चिखलीच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझ्या पोटावर एका शस्त्रक्रियेचे पाच लहान व्रण आहेत आणि दुसरी करावी की करू नये, या विचारात माझे गेले वर्ष गेले.

२०१८ साली माझे वजन १२८ किलो होते. वय अडतीस. साखरेच्या गोळ्या दोन्ही वेळा चालू होत्या. रात्री घोरणे असे, की मध्येच श्वास अडके आणि शेजारच्या खोलीत आई जागी बसून राही. शेवटी पुण्याला जाऊन वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. दीड वर्षात वजन ८४ किलोवर आले. गोळ्या सुटल्या. बल्लाळदेवीच्या टेकडीवर मी न थांबता चढू लागलो. गावाने तोंड भरून कौतुक केले. पुढे काटा हळूहळू परत फिरला आणि गेल्या वर्षी १०७ वर जाऊन पोहोचला. आठवडी बाजारात एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी सर्वांदेखत विचारले, "काहो सर, आप्रेशन करूनबी पुन्हा काहून वाढलं?" मी हसून वेळ मारून नेली. पण दुसऱ्याच दिवशी पुण्याला फोन केला आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख मागितली.

तारीख मागितली ती लाजेपोटी. वजन का वाढले, याची चौकशी मी केलेलीच नव्हती. माझ्यासारखे घाईला आलेले आणखीही कोणी असतील, म्हणून हे चार शब्द.

प्रथम ही शस्त्रक्रिया काय असते, ते पाहू. माझी जी झाली तिला 'स्लीव्ह' म्हणतात. स्लीव्ह म्हणजे सदऱ्याची बाही. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात आणि उरलेले जठर बाहीसारखे अरुंद राहते. भूक जागवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः या काढलेल्या भागात तयार होत असल्यामुळे भूकही मंदावते. दुसरा प्रकार 'बायपास'चा. त्यात जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली या प्रकाराची सुरुवात केली.

आता वजन परत का येते? लोक म्हणतात, जिभेवर ताबा नाही. हे अर्धेच खरे आहे. वजन उतरले की शरीर त्याला दुष्काळ समजते. भूक वाढवते आणि खर्च कमी करते. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. त्यात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली. म्हणजे शंभर किलोचा माणूस अडुसष्टावर येऊन पुढे पंचाहत्तरावर स्थिरावला. थोडे वजन परत येणे हा अपवाद नाही, तो बहुतेकांचा अनुभव आहे. त्याची शरम वाटण्याचे कारण नाही. मात्र माझे थोडे नव्हते. उतरलेल्या ४४ किलोंपैकी २३ परत आले होते. साखरही परत आली होती. तेव्हा काही करणे भागच होते. प्रश्न इतकाच, की काय करायचे?

डॉक्टरांनी तारीख दिली नाही. आधी तपासण्या सांगितल्या. दुर्बीण घालून जठर पाहिले. क्ष-किरणाखाली औषध पाजून जठराचा आकार पाहिला. थायरॉइड तपासले. स्टेरॉइड किंवा मनाच्या आजाराची एखादी वजन वाढवणारी गोळी चालू आहे का, हे विचारले. झोप, मद्य, घरातील ताण यांचीही चौकशी झाली. माझे जठर फुगलेले नव्हते. होते तसेच अरुंद होते. डॉक्टर म्हणाले, "सर, पोटात दुरुस्तीजोगे मला काही दिसत नाही. घरी काय चालते, ते लिहून आणा."

घरी आल्यावर आमच्या सौ.नी वहीचीही वाट पाहिली नाही. म्हणाल्या, "अहो, आधी कपबशा मोजा!" मोजल्या. स्टाफरूममध्ये तीन, बसस्टँडवर एक, घरी तीन. सात कप चहा, दर कपात दोन चमचे साखर. चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला तरी साठ-पासष्ट ग्रॅम साखर, म्हणजे रोज सुमारे अडीचशे कॅलरी. स्लीव्हमधून भाकरी सावकाश उतरते आणि थोडक्यात पोट भरते. गोड चहा मात्र अडखळत नाही, सरळ खाली जातो आणि पोट भरल्याची जाणीवही देत नाही. शिवाय रात्री उत्तरपत्रिका तपासताना शेंगदाणे आणि चिवडा चाले. एका वेळी मूठभरच, पण दोन-तीन तास. २०२२ साली आई गेली. शेजारच्या खोलीतले जागरण संपले आणि माझे सुरू झाले. त्या रात्रींचे खाणे भुकेचे नव्हते, हे मला वही लिहितानाच कळले. दुसऱ्यांदा जठर शिवून यावर काय इलाज होणार होता?

पण माझे उदाहरण सर्वांना लावू नका. अकोल्याला माझी मावसबहीण आहे. तिचीही स्लीव्हच झाली होती. तिचे वजन नऊ किलोच वाढले, पण रात्री आंबट पाणी घशाशी येई आणि छातीत अशी जळजळ होई, की ती उशा लावून बसून झोपे. गोळ्यांनी भागेना. दुर्बिणीत अन्ननलिका सुजलेली निघाली. स्लीव्हनंतर काहींना असा आम्लपित्ताचा त्रास होतो, आणि तो औषधाला दाद देत नसेल तर स्लीव्हचे रूपांतर बायपासमध्ये करणे हा रूढ उपाय आहे. तिने तो केला. मला म्हणाली, "भाऊ, वजन उतरलं ते उतरलं, आडवं होऊन झोपता येतं, मला एवढंच पुरे." तिचा निर्णय योग्य होता, कारण कारण सापडले होते.

काहींच्या बाबतीत दोन टप्पे मुळातच लागतात. वसईच्या एका महिलेची हकीकत २०१९ साली वर्तमानपत्रांत आली होती. वजन सुमारे ३०० किलो. २०१५ मध्ये स्लीव्ह, २०१७ मध्ये बायपास, आणि शेवटी वजन ८६ किलो. अशा ठिकाणी दुसऱ्या शस्त्रक्रियेला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीसारखी सोपी नसते, हे ध्यानात ठेवावे. आत चिकटलेले पडदे सोडवावे लागतात, टाक्यातून गळती होण्याचा धोका वाढतो, आणि वजन बहुधा पहिल्या वेळेइतके उतरत नाही. बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते, रक्त वेळोवेळी तपासावे लागते. अमडापूरहून पुण्याच्या फेऱ्या, रजा, खर्च हे सारे आधी कागदावर मांडा. विमा असेल तर दुसरी शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

मधला एक मार्ग आता निघाला आहे. आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने आली आहेत. टिर्झेपेटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले. वजनासाठीचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये. भूक शमते, साखरही उतरते. पण मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ असे त्रास होऊ शकतात, आणि औषध थांबवले की वजन पुन्हा वाढू लागते. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घ्यावे, असे हे औषध नव्हे. तुमच्या डॉक्टरांनीच ते ठरवावे.

मी काय केले? शस्त्रक्रिया तूर्त नको, असे कळवले. साखरेची गोळी पुन्हा सुरू केली, चहातली साखर सोडली, आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने जेवणात वरण, उसळ, अंडी वाढवली, रात्री उत्तरपत्रिका तपासणे बंद केले. इंजेक्शनही डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे. चार महिन्यांत काटा १०१ वर आला. पुढच्या तपासणीला साखर आटोक्यात नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार पुन्हा करू, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. दार बंद केलेले नाही.

तुमच्यापैकी कोणी याच वळणावर उभे असाल, तर तारीख घेण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. माझे वजन कशामुळे वाढले, हे तपासून सापडले का? दुसऱ्या शस्त्रक्रियेने ते कारण दूर होणार आहे का? आणि मी आणखी सहा महिने थांबलो तर माझे काय बिघडेल? उत्तरे पटली तर निर्धास्त मनाने टेबलावर जा. न पटली तर थांबा. बाजारात कोणी काहून वाढलं म्हणून विचारलेच, तर सांगा, तपास चालू आहे. मी हल्ली तसेच सांगतो.