आधी क्ष, मग घोषणा



आमची शाळा सातवीत सुटली. बीजगणित आम्ही शिकलो ते पुढे, कारखान्याच्या फाटकाबाहेर, पगाराच्या चिठ्ठ्या वाचता वाचता. तेव्हा पंडिताचे व्याख्यान ऐकायला मिळेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

एकदा एक तरुण कामगार आमच्याकडे आला. म्हणाला, "दादा, जादा कामाचे पैसे कमी वाटतात." आम्ही म्हटले, "'वाटतात' हा शब्द घेऊन मॅनेजरपुढे बसता येत नाही. किती कमी, ते सांग."

चिठ्ठीवर जादा तासांची नोंद नव्हती. कपातीपूर्वीची एकूण रक्कम तेवढी होती : १८,७६० रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २६, रोजचे ८ तास, म्हणजे २०८ तास. दर तासाला ७० रुपये. १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा कामाला दुप्पट दर ठरवून दिला. म्हणजे १४० रुपये.

मालकाने जादा तास किती धरले, हे ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणून हात टेकायचे नाहीत; त्याला नाव द्यायचे. आपण क्ष म्हणतो. ११५० साली 'लीलावती' रचणारे भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत. जितके असेल तितके! अज्ञाताला नाव मिळाले की ते ज्ञाताच्या पंक्तीला बसते.

आता मांडू या. २०८ गुणिले ७० म्हणजे १४,५६०. त्यात १४० क्ष मिळवले की १८,७६० होतात. दोन्हीकडून १४,५६० वजा करा. १४० क्ष बरोबर ४,२०० उरले. म्हणून क्ष बरोबर ३०. कामगाराच्या वहीत तास होते ३४. चार तास गळाले, म्हणजे ५६० रुपये. आम्ही कागद पुढे ठेवला. आवाज चढवावा लागला नाही, पैसे मिळाले.

परंतु समीकरण कोणाचेच मिंधे नसते. पुढे एकाची तक्रार आम्ही तावातावाने नेली आणि हिशेब मागाहून केला. उत्तर चिठ्ठीप्रमाणेच निघाले! कारकुनाची क्षमा मागावी लागली. तेव्हापासून आमचा नियम ठरला : आधी क्ष, मग घोषणा.

आज घरी गेल्यावर आपापली पगाराची चिठ्ठी काढा. जे ठाऊक नाही त्याला नाव द्या, उत्तर काढा, ते मूळ मांडणीत घालून ताळा पाहा. ताळा जमला, तरच सही करा.