गोबर गॅस : संयंत्र उभारल्यानंतरचा प्रश्न
(व्याख्यानाचा मजकूर)



पर्यायी ऊर्जेचा विषय निघाला की पवनचक्क्या आणि सौरपट्ट्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरून जाणाऱ्याला त्या पवनचक्क्या दिसतातही. परंतु या साधनांतून मिळते ती वीज. आणि खेड्यातील कुटुंबाची रोजची मोठी गरज आहे ती उष्णतेची, म्हणजे दोन वेळच्या चुलीची. या चुलीत सरपण आणि गोवऱ्या जळत आल्या. पुढे रॉकेल आले, त्यानंतर सिलिंडर आला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो गरिबाच्या घरापर्यंत नेला, हे मोठेच काम झाले. तथापि सिलिंडर वेळच्या वेळी पुन्हा भरून आणण्याची ऐपत प्रत्येक घरात नसते. शिवाय त्यात भरला जाणारा अर्ध्याहून अधिक वायू परदेशांतून येतो. त्यामुळे चूल विझलेली नाही आणि तिच्यापुढे बसणाऱ्या गृहिणीच्या डोळ्यांतील पाणीही थांबलेले नाही.

अशा स्थितीत गोठ्यातील शेणाकडे पुन्हा वळून पाहणे आवश्यक ठरते. ही कल्पना नवी नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू तयार करून त्यावर दिवे लावण्यात आले होते. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टोपीचे संयंत्र सिद्ध केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुढे ते स्वीकारून देशभर नेले. १९८१-८२ पासून राष्ट्रीय प्रकल्प म्हणून अनुदानाची व्यवस्था झाली. आज कौटुंबिक संयंत्रांच्या संख्येत महाराष्ट्र अग्रेसर असून, उभारलेल्या संयंत्रांची नोंद नऊ लाखांच्या वर गेली आहे. ही संख्या समाधान देणारी आहे. मात्र ती उभारलेल्या संयंत्रांची आहे, आज सकाळी ज्यांच्यावर चहा झाला त्यांची नव्हे. आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

संयंत्राचे कार्य साधे आहे. शेण व पाणी समप्रमाणात कालवून हवाबंद पाचक टाकीत सोडले की हवेशिवाय जगणारे सूक्ष्म जीव त्याचे विघटन करतात आणि वायू सुटतो. त्यात सर्वसाधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो व तोच जळतो. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर वायू मिळतो. चार-पाच जनावरांचे ५० किलो शेण रोज घातल्यास दोन घनमीटर वायू हाती येतो. एवढ्यात एका मध्यम कुटुंबाचा स्वयंपाक होतो आणि रोजचे जवळजवळ सात किलो सरपण वाचते.

परंतु गोबर गॅसचे मोल केवळ वाचलेल्या सरपणात मोजणे बरोबर नाही. गोवरी जाळली की तिच्या उष्णतेपैकी फार तर दहावा भाग भांड्याला लागतो. शेतात जायचे ते नत्र धुरात जाते आणि मागे राख उरते. शेण जाळावे की शेतात घालावे, हा शेतकऱ्यापुढचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पेच होता. संयंत्रात तो पेचच राहत नाही. वायू चुलीला जातो, आणि बाहेर पडणाऱ्या रबडीत नत्र बहुतांशी कायम राहते. उघड्या उकिरड्यावर उन्हापावसात जेवढे वाया जाते, तेवढेही येथे जात नाही. पवनचक्की किंवा सौरपट्टी शेताला खत देत नाही, ही गोष्ट लहान समजू नये. रासायनिक खताच्या गोणीमागेही आयात केलेला नैसर्गिक वायू असतोच.

मग संयंत्रे बंद का पडतात? लोखंडी टोपी गंजते. तिला दरवर्षी रंग द्यावा लागतो आणि तो दिला जात नाही. या दोषावर उपाय म्हणून १९७८ मध्ये विटांच्या स्थिर घुमटाचे जनता संयंत्र आणि १९८४ मध्ये त्याहून स्वस्त असे दीनबंधू संयंत्र पुढे आले. लोखंड गेले. पण सारा भार गवंड्याच्या हातावर आला. घुमटाच्या आतील गिलाव्यास केसाएवढी भेग राहिली तरी वायू निसटतो आणि घरात ‘गॅस होत नाही’ अशी तक्रार सुरू होते. निसटणारा मिथेन वातावरण तापविण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी प्रबळ आहे. म्हणजे गळके संयंत्र नुसते निरुपयोगी नव्हे, अपायकारकही ठरते. काही कारणे तर अगदी क्षुल्लक असतात. शेणाबरोबर काडीकचरा गेला की टाकीत वर जाड साय धरते. नळीत पाणी साचले की ज्योत फडफडते. तोटी उघडून ते पाणी काढून टाकणे हे दोन मिनिटांचे काम, पण ते कोणी दाखवून दिलेले नसल्यामुळे शेगडी कोपऱ्यात पडते आणि चूल पुन्हा पेटते.

दुष्काळाची गोष्ट निराळी. पन्नास किलो शेणाबरोबर तेवढेच लिटर पाणी रोज लागते. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा शेण कालवायला पाणी कोण देणार? जनावरे चारा छावणीत गेली की शेणही त्यांच्याबरोबर जाते. आता तर ट्रॅक्टरामुळे गोठ्यातील बैलजोडीच कमी झाली आहे. कालव्यासाठी गोमूत्र किंवा बाहेर पडलेल्या रबडीचे निवळलेले पाणी काही प्रमाणात वापरता येते, पण ही तोशीस भागविण्याची युक्ती झाली. जनावरांची संख्या न पाहता केवळ उद्दिष्ट पुरे करण्यासाठी मंजूर झालेले संयंत्र उपाशीच राहणार.

आणखी एका प्रश्नाचा उच्चार क्वचितच होतो. रस्त्यावरचे, माळावरचे शेण वेचून ज्या भूमिहीन स्त्रिया गोवऱ्या थापतात, त्यांचे काय? ज्याच्या दावणीला गुरे, त्याच्याकडे संयंत्र. शेणाला किंमत आली की ते वेचू देण्याची उदारता आटते. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात पुरा या लहानशा गावी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने सामुदायिक संयंत्राचा प्रयोग केला. सगळ्या गावाच्या स्वयंपाकाला पुरेल एवढे शेण तेथे नव्हते. तेव्हा १९८७ पासून त्या वायूवर इंजिन चालवून कूपनलिकेचे पाणी आणि घरोघर दिवे देण्यात आले. शेण आणून देणाऱ्यास मोबदला व रबडी परत मिळे. गाय नसलेल्या घरालाही नळ आणि दिवा मिळाला, हे त्या प्रयोगाचे महत्त्व.

शेण कमी असेल तेथे दुसरा कच्चा माल प्रत्येक गावात आहेच, फक्त त्याचे नाव घेण्यास संकोच वाटतो. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याच्या सोनखताचा आयुष्यभर पुरस्कार केला. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. मापुसकर यांनी तोच धागा पुढे नेऊन शौचालयाला जोडलेली वायुसंयंत्रे उभारली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. अशा संयंत्राच्या वायूवर भाकरी भाजायला आरंभी नकार मिळतो. तेथे घरातील कर्त्या स्त्रीला चालू संयंत्र दाखवून आणणे हे भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडते.

पंचायतीच्या नोंदवहीत आज बहुधा दोनच रकाने असतात: मंजुरीचा दिनांक आणि अनुदान वाटपाचा दिनांक. त्यांच्या शेजारी तिसरा रकाना आखण्यास कोणत्याही वरिष्ठ आदेशाची गरज नाही. पाहणीच्या दिवशी शेगडी पेटली की नाही, आणि नसल्यास का, एवढेच त्यात लिहावे. पाच-सहा गावांनी मिळून एक जाणता गवंडी हाताशी ठेवला तर बरीचशी बंद संयंत्रे एका हंगामात चालू होऊ शकतील. शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली गळतीची तपासणीही शिकविता येईल. नळीच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले तर तेथे गळती आहे. काडी ओढून मात्र ही परीक्षा कदापि करू नये.