सुईच्या उपचाराला कर्ज द्यायचं का?



आपल्या गटाच्या कर्ज नोंदवहीत ‘कारण’ असा एक रकाना असतो. शेळी, खत-बियाणं, मुलीची फी, घराचे पत्रे, दवाखाना, ही आपली नेहमीची कारणं. यंदा दिवाळीनंतर माझ्याकडच्या गटांत त्या रकान्यात एक नवं कारण यायला लागलं, ‘सुईचे उपचार’. कोणाची पाळी तीन-तीन महिने येत नाही, कोणाला मूल राहत नाही, कोणाच्या पाळी जायच्या वयात अंगातून वाफा निघतात. तालुक्याला एका गाळ्यात चिनी पद्धतीचं केंद्र निघालंय, त्याचं पत्रक बहुतेकींच्या पिशवीत आहे. हार्मोन्स मुळापासून दुरुस्त, गोळ्या नाहीत, ऑपरेशन नाही, असं त्यावर छापलंय.

‘ऑपरेशन नाही’ या दोन शब्दांवर आपण बायका का भाळतो, ते मला चांगलं कळतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, ते कोणी विसरलेलं नाही. पोटात दुखतंय म्हणून गेलं की पिशवीच काढून टाकायची, ही धास्ती घराघरांत आहे. त्यापुढे बारीक सुई बरी वाटणारच. म्हणून या उपचाराला मी हसणार नाही. पण गटाचा पैसा आणि तुमच्या वयाची वर्षं त्यात जाणार असतील, तर नीट बघूनच जायला हवं.

आधी हे आहे काय ते सांगते. चिनी वैद्यकात असं मानतात की शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरावीक वाटांनी फिरते. ती कुठे अडली की दुखणं येतं, आणि त्या वाटेवरच्या नेमक्या जागी सुई टोचली की ती मोकळी होते. आपल्याकडे वात-पित्त-कफाचा हिशोब असतो, तसा तिकडचा हा हिशोब. बायकांच्या तक्रारींसाठी फार वापरली जाणारी एक जागा पायावर आहे. आतल्या घोट्यापासून चार बोटं वर, नडगीच्या हाडामागे. तिला सान-यिन-ज्याव म्हणतात. गरोदरपणी तिथे सुई टोचू नये, असं त्यांच्याच परंपरेत सांगितलंय. सुई केसासारखी बारीक असते, वीस-तीस मिनिटं ठेवतात, काही जण तिला बारीक वीजप्रवाहही जोडतात. दवण्याच्या जातीतल्या एका झाडाची वाळलेली पानं जाळून त्याचा शेक देण्याचीही पद्धत आहे.

आणि हे बायकांचं ज्ञान नव्हतं असं नाही हं. पाचशे वर्षांपूर्वी चीनमध्ये तान युनश्यान नावाची वैद्य होऊन गेली. वैद्यकी ती आजीकडून शिकली. १५११ साली, वयाच्या पन्नाशीत, तिने आपल्या एकतीस रुग्णांच्या हकिकती लिहून काढल्या, सगळ्या बायकांच्या. पुरुष वैद्यापुढे अंगावरून जाण्याबद्दल कोण बोलणार? बायका तिच्याकडे यायच्या. त्या हकिकतींत पाळीचे त्रास आहेत, पडलेले गर्भ आहेत, कष्टाने झिजलेली शरीरं आहेत. आपली आशाताई आठवते की नाही?

आपल्याकडे ही विद्या आली त्या वाटेवर एक ओळखीचं नाव आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनच्या मदतीला गेले, त्यांत ते होते, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. कोटणीस शल्यचिकित्सक होते. सुईची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंनी. ते पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कोलकात्यात काम सुरू केलं. तेव्हा केंद्राच्या भिंतीवर कोटणीसांचा फोटो दिसला तर आदराने नमस्कार करा, पण तो फोटो म्हणजे उपचाराची हमी नव्हे.

आता मुख्य प्रश्न. गुण येतो का?

पीसीओडीचंच घ्या. बीजकोषातून बीज वेळेवर बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते आणि दिवस राहायला अडचण येते. यावर सुईचा उपयोग होतो का, हे चीनमध्येच, चिनी डॉक्टरांनी, एक हजार बायकांवर तपासलं. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांचे चार गट केले. काहींना बीज फुटायची क्लोमिफिन नावाची गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. काहींना खरी सुई, काहींना खोटी, म्हणजे नेमकी जागा सोडून दुसरीकडेच वरवर टोचलेली. आपल्याला कोणती मिळाली हे त्या बाईला माहीत नसतं. असं करतात, कारण कोणी आपल्याकडे आठवड्यातून दोनदा प्रेमाने लक्ष दिलं की बरं वाटतंच. ते बरं वाटणं कशाचं आणि सुईचं कशाचं, हे वेगळं काढावं लागतं.

निकाल ऐका. गोळी घेणाऱ्या शंभर बायकांमागे साधारण अठ्ठावीस-एकोणतीस जणींना मूल झालं, मग सुई खरी असो की खोटी. गोळी नसलेल्यांत खऱ्या सुईच्या शंभरांमागे चौदा आणि खोट्या सुईच्या शंभरांमागे सतरा. म्हणजे फरक पडला तो गोळीने. सुईने पडला नाही.

यातला चौदा-सतराचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. कामाची गोळी नसताना, खोट्या सुईवरसुद्धा, पीसीओडीच्या शंभरांतल्या इतक्या जणींना मूल झालं. आपल्या तालुक्यातही होत असणार. तेवढ्यात ती बाई सुया घेत असेल तर ते बाळ सुईच्या नावावर जातं आणि त्याचा फोटो पुढच्या पत्रकावर छापला जातो. केंद्रवाला खोटं बोलतो असंही नाही. बाळ खरंच झालेलं असतं.

टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारासोबत सुया घेतल्या तर? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८४८ बायकांवर हे पाहिलं, निकाल २०१८ मध्ये आला. खऱ्या सुईच्या गटात शंभरांमागे १८.३ जणींना मूल झालं, खोट्या सुईच्या गटात १७.८ जणींना. जवळपास सारखंच.

पाळी जाताना ज्या गरम झळा येतात, त्यांचं थोडं गमतीचं आहे. ऑस्ट्रेलियात ३२७ बायकांना आठ आठवड्यांत दहा वेळा सुया टोचल्या, निम्म्यांना खऱ्या, निम्म्यांना खोट्या. दोन्हीकडे झळांचा त्रास साधारण चाळीस टक्क्यांनी कमी झाला. पाळीतल्या पोटदुखीवर अभ्यास पुष्कळ झालेत, पण बरेचसे छोटे आणि ढिले. काहींना आराम पडतो, एवढं म्हणता येईल. तेव्हा कोणी काकू म्हणाल्या, मला चार वेळा जाऊन बरं वाटलं, झोप लागली, तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. स्वतःच्या कमाईतून जावं. पण बरं वाटणं वेगळं आणि बीज फुटणं वेगळं.

आता कर्जाकडे येते. आमच्या एका गटातल्या मुलीचं सांगते. तिला विचारूनच सांगतेय, नाव-गाव घेणार नाही. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. चोवीस बैठकांचे पंधरा हजार एकदम भरायचे होते, म्हणून तिने अर्ज केला. बैठकीत अध्यक्ष ताईंनी विचारलं, “अगं, तुझ्या नवऱ्याची तपासणी झाली का?” ती खाली बघत राहिली. सासूही त्याच गटात. त्या म्हणाल्या, “त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे.” बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, “बी न बघता रानालाच का बोल लावता?”

गटाने त्या दिवशी ठराव केला, आधी दोघांच्या तपासण्यांपुरतं कर्ज द्यायचं, बाकीचं नंतर बघू. नवरा जायला दीड महिना लागला. गेला तेव्हा शुक्रजंतूच कमी निघाले. चोवीस वेळा तिच्या पायात सुया टोचून हे कसं कळलं असतं? आता त्याचे उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी चालू आहेत.

त्यामुळे माझं मत असं, की मूल होण्यासाठी किंवा पीसीओडीसाठी सुईच्या पॅकेजला गटाने कर्ज देऊ नये. तपासण्यांना द्यावं. तिचं हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, डॉक्टर सांगतील ती सोनोग्राफी, आणि पहिल्याच फेरीत नवऱ्याची वीर्यतपासणी. ती सगळ्यांत सोपी आणि बिनदुखण्याची, तरी सगळ्यांत शेवटी होते. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दोघांनी जावं, आणि तिचं वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. बीज फुटायची गोळी मात्र मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. त्यात जुळं राहू शकतं, तिच्यावर डॉक्टरांची नजर लागते.

सुईपेक्षा मला जास्त भीती वाटते ती सोबत दिल्या जाणाऱ्या पुड्यांची. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या एका दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. त्यात एका वनस्पतीच्या जागी चुकून दुसरीच, विषारी, गेली होती. शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं बिघडली, कितीतरी जणींची कायमची निकामी झाली, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. पाळीसाठी दिली जाणारी ‘दांग-ग्वेई’ नावाची मुळी रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो. ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती घरात आणूच नका. हेच मी आपल्याकडच्या जडीबुटीवाल्यालाही लावते.

तरीही कोणाला जायचंच असेल तर विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणावं. सुईचं पाकीट आपल्या समोर फोडायला लावा आणि वापरलेली सुई आपल्या समोर डब्यात टाकायला लावा. दिवस गेल्याची शंका असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधी सांगा. सगळे पैसे एकदम भरू नका. आणि डॉक्टरांच्या चालू गोळ्या बंद करा असं जिथे सांगतील, तिथून उठून या.

दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या घेऊन सुईवाल्याकडे जायचंच नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, तासाला घडी बदलावी लागते इतकं अंगावरून जातंय, किंवा पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली. यात थेट स्त्रीरोगतज्ज्ञ. कळ आली असेल तर १०८ ला फोन लावा, सकाळची वाट बघू नका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा आठवून कागदावर लिहून आणा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात, आणि आपण ‘मागच्या अमावस्येला’ असं सांगतो. कागद गटाच्या वहीला नको, तुमच्याजवळच ठेवा. पुढच्या आठवड्यात याच वेळी आशाताई माझ्याबरोबर असतील, पांढरं जाण्याबद्दल बोलायला. नमस्कार.